डिपर राणीची सवत

माझ्या मोठ्या बहिणीला, नलूताईला, सवत आली तेव्हा तिच्या घरात सून आलेली होती. म्हणजे सवतीबिवतीचं वय नाही. सवत वीतभर उंचीची. ट्रकच्या फळीवर एक गुडघा वर घेऊन बसलेली, ओठ लालभडक, केसांत पिवळं फूल, पाठीवर बैलाच्या झुलीसारखं निळं कापड, आणि मान वळवून मागे बघत हसणारी. नाव डिपर राणी. पुण्याहून खोक्यात भरून ती आली आणि नलूताईच्या पुढच्या खोलीतल्या टेबलावर तिनं ठाण मांडलं.

मी इंदू, नलूताईची धाकटी. मारेगावला अंगणवाडी चालवते आणि जीव उबगला की बसनं पांढरकवड्याला बहिणीकडे जाते. हे सगळं मी जवळून बघितलेलं आहे. सांगता सांगता माझं तोंड सुटेल, त्याला इलाज नाही.

आमचे भाऊजी पंजाबराव पेंटर. हैदराबाद रोडला ट्रकच्या बॉड्या बांधणारं एक वर्कशॉप आहे, त्याला लागून त्यांचं टिनाचं शेड. एप्रिलात जयंतीच्या आधी विहारांसाठी बाबासाहेबांची चित्रं, तेव्हा त्यांना जेवायलाही सवड नसते. बाकीचं वर्ष ट्रक. दारांवर कमळ, कपाळावर मालकाच्या पोरांची नावं, आणि मागची जी पाटी खाली पडते, तो फाळका, त्याच्यावर बाई.

फाळक्यावरच्या बाईसाठी भाऊजींचं नाव पार आदिलाबादपर्यंत. कारण त्यांची बाई मागून येणाऱ्याकडे बघते. तुम्ही गाडी डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, ती तुमच्याकडेच बघते. बुबुळ बरोब्बर मधोमध, वरच्या पापणीला किंचित टेकलेलं, आणि त्यात एक पांढरा ठिपका, बस. भाऊजी म्हणतात, त्यानं मागच्या ड्रायव्हरला डुलकी लागत नाही. नलूताई मात्र त्या शेडकडे कधी फिरकली नाही. रोडवर, गड्यांच्या घोळक्यात तिचं काय काम? डबा वर्कशॉपमधलं कुणीतरी घेऊन जायचं. ती बाई रोडवर होती, नलूताई घरात होती, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

मग ईशान आला. पुण्याचा मुलगा, त्याची कंपनी मोठ्या माणसांसाठी बाहुल्या बनवते. नोकरी करणारी, मिशा असलेली माणसं त्या विकत घेतात, काचेच्या कपाटात ठेवतात, पोरांच्या हाताला लागू देत नाहीत आणि खोकंसुद्धा फेकत नाहीत. मी ऐकलं तेव्हा म्हटलं, असते बाबा एकेकाची हौस. ईशानला जुन्या कॅलेंडरांवर आणि काडेपेट्यांवर असायच्या तशा बायका हव्या होत्या, पण अंगात शक्ती असलेल्या. गुंडांना लोळवतील आणि लोळवताना केसांतलं फूल पडू देणार नाहीत अशा. हैदराबादला जाताना भाऊजींची बाई त्याच्या गाडीपुढे आली. ओव्हरटेक करायचं सोडून तो म्हणे तिच्या मागेच राहिला. ढाब्यावर त्यानं ड्रायव्हरला गाठलं, आणि ड्रायव्हरनं पांढरकवड्याचा पत्ता दिला.

त्यातून डिपर राणी झाली. तिच्या डोळ्यांतून ट्रकच्या डिपरसारखा झोत निघतो आणि वाईट लोकांच्या गाड्या जागच्या जागी बंद पडतात. आधी बाहुली निघाली. मग तिच्या गोष्टींचं चित्रांचं पुस्तक, मग पत्ते, टी-शर्ट, कॅलेंडर, आणि मोबाइलवर बघायची छोटी छोटी कार्टूनं. वॉर्डातली पोरं एकमेकांवर डोळे मिचकावायला लागली. ज्याच्यावर मिचकावले त्यानं हलायचं नाही, असा खेळच झाला. बाहुली कारखान्यातून ओतून यायची, कपडेही तिकडेच रंगवून यायचे, पण चेहरा भाऊजींनीच काढायचा असं ठरलं होतं. ती नजर तिकडे कुणाला जमत नव्हती. पुण्याच्या कारागिरानं डोळ्यांची जागा खोलगट ठेवली आणि भाऊजींनी त्या खळग्यात बुबुळ असं काही बसवलं, की फाळक्यावरची बाई जशी बघायची तशीच ही वीतभर बाई बघायला लागली.

शेडमध्ये धूळ फार. ट्रक गेला की ओल्या ओठांवर थर बसायचा. म्हणून भाऊजींनी ते काम घरी आणलं. तिथून बिघडलं.

नलूताईचा मला फोन आला. "इंदे, तू ये. घरात बाई आणून बसवली यायनं."

"कोण बाई?"

"ये अन् पाह्य."

मी गेले. भाऊजी खिडकीशी बसलेले, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात शून्य नंबरचा ब्रश. एक डोळा काढला की बाहुली तोंडापाशी न्यायची आणि ओठ पुढे करून तिच्या डोळ्यावर हळूच फुंकर घालायची. तेवढ्यानं रंग वाळतो. मग दुसरा डोळा, पुन्हा फुंकर. टेबलावर रांगेत बसलेल्या बाकीच्या जणी आमच्याकडे बघून हसत होत्या.

नलूताई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "पाह्यलं? परवा दळण चाळताना माह्या डोळ्यात कोंडा गेलता. म्या म्हटलं, जरा पाहा हो. त म्हणते, पाण्यानं धू."

"अवं, काम हाय ते," भाऊजी म्हणाले.

"काम दिसून राह्यलं मले."

मला हसू आलं, पण ताईचा चेहरा बघून गिळलं. तिला खरंच लागलं होतं. इतकी वर्षं त्या माणसाच्या सदऱ्यावरचे रंग रॉकेलनं काढले, त्याच्या अंगाचा टर्पेंटाइनचा वास सोसला, मुलाला, राजदीपला, वाढवलं, त्याचं लग्न केलं. आणि आता म्हातारपणाच्या दारात हा माणूस दिवसभर दुसरीच्या डोळ्यांवर फुंकर घालतो, आणि तिनं मात्र पाण्यानं धुवायचं. माझंही डोकं फिरलं असतं.

त्यात ती नजर. ताई पाणी प्यायला गेली की राण्या बघायच्या, झाडू मारायला वाकली की बघायच्या, जरा पाय लांब करून बसली की बघायच्या. एके दिवशी भाऊजी आंघोळीला गेले तेव्हा तिनं सगळ्यात पुढच्या राणीवर पातेलं पालथं घातलं. रंग ओला होता. राणीचं नाक पसरलं, ओठ गालावर गेला, आणि दोघांचं असं वाजलं की सून रुपाली मध्ये पडली. दोन्ही वेळचा स्वयंपाक तिनंच केला.

पातेल्यानं भागलं नाही तेव्हा ताईनं शोध सुरू केला. एवढं प्रेमानं काढायचं म्हणजे समोर कुणीतरी असलंच पाहिजे. बाहुली अंगणात उन्हात नेऊन तिनं न्याहाळली, आणि हनुवटीच्या डाव्या बाजूला तिला बारीक काळा ठिपका दिसला. झालं. हे गोंदण. आणि हनुवटीवर गोंदण असलेली बाई भाऊजींच्या शेडसमोर रोज बसते हे तिनं रुपालीकडून काढून घेतलं. शीला तिचं नाव, तांड्यावरची, तिथं चहाची टपरी चालवते.

"चाल," ताई मला म्हणाली.

"कुठं?"

"चहा प्यायले."

ऑटोनं रोडवर गेलो. भाऊजी एका ट्रकच्या कामासाठी उमरीकडे गेले होते, हे ताईनं आधीच बघून ठेवलं होतं. शीला आम्हाला ओळखत नव्हती. ताईनं चहा सांगितला, बाकावर बसली आणि पिशवीतून डिपर राणी काढून बिस्किटांच्या बरणीशेजारी ठेवली. मग एकदा राणीकडे बघायची, एकदा शीलाकडे. शीलाचं तोंड गोल, दात जरा पुढे, कंबर चांगली ऐसपैस. तरी ताई बघतच राहिली. जळणाऱ्या माणसाला हवा तो सारखेपणा सापडतोच.

"काय पाहून राह्यल्या बाई?" शीलानं विचारलं.

"हे गोंदण कोणाचं हाय?" ताईनं राणीच्या हनुवटीवर बोट ठेवलं.

शीलानं पातेलं उतरवलं. राणी हातात घेतली, वळवून बघितली, आणि मग ताईकडे नीट बघितलं. "तुम्ही पंजाबराव भाऊच्या घरच्या काय?"

"हाव."

शीला हसायला लागली. ओढणीनं डोळे पुसून पुन्हा हसली. "वहिनी, माही कंबर अशी असती त मी इथं चहा कायले उकळत बसली असती? हे गोंदण नाही. हे तीट हाय. गाडीले नजर लागू नये म्हणून ड्रायव्हर लोक बाईच्या तोंडावर काळं मागते. भाऊ पयले नाहीच म्हणत. आमी हे मानत नाही म्हणत. पण गिऱ्हाईकाचं ऐका लागते न. ते पाहा."

समोर माल भरायला थांबलेले ट्रक उभे होते. दोन-तीन फाळक्यांवर भाऊजींची बाई होती, आणि प्रत्येकीच्या हनुवटीवर काळा ठिपका होता. ते बघून ईशाननं बाहुलीलाही तो लावायला सांगितला असणार.

आता कुणी म्हणेल, एवढी साधी गोष्ट ताईला कळू नये? नाही कळली. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून लिंबू-मिरची, काळी बाहुली, दृष्ट काढणं, सगळं आमच्या घराच्या बाहेर गेलं. ताईच्या सासरीही तसंच. राजदीपला तान्हेपणी काजळाचा ठिपका लागला नाही. मग तोंडावरचं काळं बघून तिला तीट कुठून आठवणार? तिला गोंदण आठवलं. दुसऱ्या घरातल्या बाईची ही चूक झाली नसती.

चहा शीलानं तिच्याकडूनच पाजला. परत येताना ताईनं राणी पिशवीत तळाशी कोंबली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. ऑटो वळणावर आला तेव्हा ती म्हणाली, "शीला असती त बरं झालं असतं."

"काहून?"

"तिच्याशी भांडता तरी आलं असतं."

संध्याकाळी भाऊजी हातपाय धुऊन बसले तेव्हा तिनं सरळ विचारलं. "हे कोण हाय? खरं सांगा."

"कोण?"

"हे. राणी."

भाऊजींनी विचार केला. तो माणूस विचार करून बोलतो, हीच तर पंचाईत आहे. "कोणीच नाही," ते म्हणाले. "हात चालते तशी येते. काम शिकलो तवापासून हेच येते."

"म्हणजे मी या घरात यायच्या आधीपासून."

"हाव."

काय बिघडलं असतं खोटं बोलायला? तूच ती, तुझ्यावरूनच काढतो, एवढं म्हटलं असतं तरी ताई पाघळली असती आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण भाऊजींना रंगात भेसळ करता येत नाही आणि बोलण्यातही नाही. आमच्या ह्यांच्यासारखा माणूस असता तर एका दमात दहा खोटं बोलून जेवायला बसला असता.

ताईनं टेबलावरचा कागद ओढून त्यांच्यासमोर ठेवला. "मले काढा. आता."

भाऊजी खूश झाले. चित्र काढायला सांगितलं की ते खूशच होतात. पेन्सिल घेतली आणि हात सरसर चालला, एकदाही वर बघावं लागलं नाही. कागद फिरवून त्यांनी ताईपुढे धरला. डिपर राणी होती. तीच मान, तेच ओठ, तेच हसू. डोक्यावर पदर दिला होता आणि नाकावर ताईचा चष्मा.

रुपाली फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. ताई ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ती ओरडली नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "इतक्या वर्षात तुम्ही माह्याकडे पाह्यलंच नाही."

भाऊजींचे कान लाल झाले. त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि पुन्हा उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात मेथी निवडत होते. भाऊजी स्टूल घेऊन आले, निंबाच्या सावलीत ठेवलं आणि ताईला म्हणाले, "बस."

"मले काम हाय."

"बस म्हणतो न. चष्मा काढ."

ती बसली, पण राग तोंडावर तसाच. भुवया एकमेकींना भिडलेल्या, ओठ घट्ट. भाऊजींनी पेन्सिल हातात घेतलीच नाही. नुसते बघत बसले. समोरून बघितलं, उठून बाजूनं बघितलं, पुन्हा समोर येऊन बसले. माझी मेथी निवडून झाली तरी त्यांचं बघणं चालूच होतं. मी निवडलेलीच पुन्हा निवडायला घेतली.

"भुवईत हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

"खोक. लहानपणी विळ्यावर पडलती."

"म्हणजे लग्नाच्या आधीची."

"लग्नात बी होती," ताई म्हणाली.

भाऊजींनी मान खाली घातली आणि मग काढायला लागले. यावेळी हात सरसर चालला नाही. चालायचा, थांबायचा, डोळे वर जायचे. खोक काढली. कपाळावरच्या आठ्या काढल्या. नाकपुडी रागानं फुगते ती काढली. चांगलं दिसावं म्हणून काही झाकलं नाही. शेवटी कागदावरची पेन्सिलीची भुकटी उडवायला त्यांनी फुंकर घातली, आणि स्टुलावर बसलेली ताई शहारली. मी बघितलं ते.

माझी बहीण होती कागदावर. चिडलेली, जळणारी, आणि देखणी. मला हेवा वाटला, सरळ सांगते. पोटात दुखलं माझ्या. आमच्या ह्यांनी माझ्याकडे एवढा वेळ शेवटचं कधी बघितलं? माझा पाय मोडला होता तेव्हा. तेही पायाकडे.

भाऊजींनी ते चित्र पुढच्या खोलीत भिंतीला लावलं. ईशान नव्या खोक्यांचं बोलायला पांढरकवड्याला आला तेव्हा चहा हातात तसाच धरून चित्रापुढे उभा राहिला. कार्टूनच्या पुढच्या भागांसाठी त्याला डिपर राणीची शत्रू हवी होती. पुण्यात बरीच चित्रं काढून झाली होती, पण एकीतही जीव नव्हता.

"काका, हीच," तो म्हणाला. "हिच्या कपाळावरच सगळी गोष्ट आहे. ही कोण आहे?"

"हे विकाचं नाही," भाऊजी म्हणाले. आलेलं काम त्यांनी नाही म्हटलेलं घरात कुणी ऐकलं नव्हतं.

आतून ताईचा आवाज आला. "कायले नाही?" आणि हात पुसत ती बाहेर आली. "राणीची दुश्मन पाहिजे न तुमाले? मंग मीच आहो. दुसरी कोण असन?"

ईशाननं एकदा चित्राकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं, आणि त्याला उलगडलं. तो बिचारा लाजला. "काकू, तुमची हरकत नसेल तरच."

"एक सांगा. मी हरते काय तिच्यासंगं?"

"शेवटी डिपर राणीच जिंकते. पण त्याच्याआधी बराच काळ तुम्ही तिला पार हैराण करता."

"मंग ठीक हाय," ताई म्हणाली, आणि चहात साखर बरोबर आहे का ते त्याला विचारलं.

तिचं नाव काळोखी ठेवलं. तिनं भुवया जवळ आणल्या की राणीचा झोत विझतो आणि गावोगावची वीज जाते. कार्टून आलं तशी वॉर्डातली पोरं तिला लोडशेडिंगवाली म्हणायला लागली, आणि ताई रस्त्यानं निघाली की लांबून ओरडायची, आजी, लाइट घालवू नका. ताई भुवया जवळ आणायची, पोरं पळायची. पहिली एकच बाहुली नमुना म्हणून पुण्याहून आली. पदर खोचलेला, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात विझलेला कंदील, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत वर. भाऊजींनी तिला चेहरा दिला, ताईचा, भुवईतल्या खोकेसकट. नजर दिली तीच, बघणाऱ्याकडे बघणारी.

ताईनं बाहुली हातात घेऊन सगळीकडून बघितली. "तोंड माहं हाय," ती म्हणाली. "कंबर रुपालीची हाय." रुपाली हसत स्वयंपाकघरात पळाली.

नमुना पुण्याला गेला, ईशाननं त्याचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला आणि बाहुली परत पाठवली. बाकीच्या चेहऱ्याविना येणार होत्या. फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलं ते एकदा जेवताना रुपाली मोबाइलवरून वाचून दाखवत होती, इंग्रजीतलं मराठीत करून. मी त्या दिवशी तिथंच होते.

"हे कोचीचे कोणीतरी हाय. म्हणते, माझ्या टेबलावर हिची जागा आजच रिकामी केली."

भाऊजींनी घास थांबवला. "लग्न झालं हाय काय याचं?"

"ते नाही लिहिलं बाबा. हे दुसरं पाहा, कोलकात्याचे. ऑफिसातून आलो की आधी हिच्याकडे पाहीन म्हणते, मग चहा पिईन."

"आधी हिच्याकडे कायले?"

"आता तसं लिहिलं हाय त्यायनं."

"कपाट काचेचं असते न याचं? कुलूप राहते काय त्याले?"

रुपालीनं माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे. ताई शांतपणे वरण वाढत होती. भाऊजींनी अर्धी भाकरी ताटात ठेवली, उठले, हात धुतले. टेबलावर काळोखी उभी होती. त्यांनी ओट्यावरचं पातेलं घेतलं आणि तिच्यावर पालथं घातलं.

"तू कायले हो म्हटलं?" ते ताईला म्हणाले.

ताईनं वरणाचा डाव भांड्यात ठेवला. "आता कसं वाटून राह्यलं?"

भाऊजींना कसं वाटत होतं ते दिसतच होतं. बाई त्यांची, आणि बघणार तिकडे कोलकात्याचा कोणीतरी, रोज, चहाच्या आधी. ताईनं मात्र त्या रात्री पोटभर जेवण केलं. मला तर दोघांचाही राग आला. या वयात माणसांनी असं जळावं एकमेकांवर, आणि आपण मारेगावला जाऊन टीव्हीच्या आवाजात झोपावं.

पुढे चेहऱ्याविना काळोख्यांची खोकी आली. भाऊजींनी राण्या बाजूला ठेवल्या आणि आधी त्या घेतल्या. भुवया तशाच काढल्या, खोक काढली, ओठ काढले. डोळ्यांशी आले तेव्हा बुबुळ मधोमध काढलं नाही. पार कोपऱ्यात सारलं. समोर कुणीही उभं राहो, काळोखी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघेल अशी. एकीमागून एक सगळ्या तशाच. आणि फुंकर एकीलाही घातली नाही. पंख्याखाली वाळवल्या.

खोकी पुण्याला पोचली तसा ईशानचा फोन आला. भाऊजींना नीट ऐकू येत नाही म्हणून ते फोन मोठ्यानं लावतात, त्यामुळे घरभर ऐकू आलं.

"काका, ही कुणाकडेच बघत नाहीये."

"नाहीच पाहत."

"पण फोटोत तर बघत होती. तुमची ती नजर तर लोकांना..."

"ते राणीची हाय. राणीले पाहू द्या साऱ्यांकडे. हे नाही पाहत."

ईशाननं बरंच समजावलं. भाऊजी हूं हूं करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या मंग." ईशाननं दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलं नाही. काळोखी तशीच विकायला गेली. लोकांना तिचा तो माज आणखीनच आवडला म्हणे. भाऊजींना त्याचं काही नव्हतं. कोलकात्यात चहाच्या आधी कुणी कितीही बघो, ती त्याच्याकडे बघणार नव्हती, एवढं त्यांना पुरत होतं.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेले होते. नमुन्याची ती एक काळोखी आता फ्रिजवर असते. मी खुर्चीवर बसले, ती माझ्याकडे बघत होती. उठून खिडकीशी गेले, तरी बघत होती.

"भाऊजी, हे त माह्याकडे बी पाहते," मी म्हटलं.

"तू बहीण हायस," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. वर्कशॉपमधला लखन वेल्डर शिडी मागायला आला होता. भाऊजी "आलो, आलो" म्हणत उठले, पण दाराकडे गेले नाहीत. आधी फ्रिजकडे गेले, काळोखीला धरून तिचं तोंड भिंतीकडे केलं, आणि मग जाऊन कडी काढली. लखन आत आला, पाणी प्याला, शिडी घेऊन गेला. त्याला आमच्या घरातलं काही कळलं नाही.

तो गेल्यावर भाऊजींनी दार लावलं आणि काळोखीला पुन्हा फिरवून ठेवलं. तिच्या डोळ्यावर धुळीचा कण बसला होता. त्यांनी तिला तोंडापाशी नेलं आणि ओठ पुढे करून हळूच फुंकर घातली.

स्वयंपाकघराच्या दारात नलूताई उभी होती. हात पिठाचे, भुवया जवळ आलेल्या.

"अवं," ती म्हणाली, "मी इकडं आहो."